शेतकरीण

देवळाली म्हटले की वाचकांना नाशिकजवळची लष्करी छावणी आठवते. ही ती नव्हे. ही राहुरी तालुक्यातली देवळाली प्रवरा. प्रवरेच्या पाण्यावर आणि उसावर वाढलेली. माझ्या मावशीचे सासर इथले, त्यामुळे दिवाळीत पुण्याहून माझी एक खेप ठरलेली.

मराठी शिकवण्याचा धंदा असल्यामुळे माणसांआधी शब्दच माझ्या कानांत शिरतात. पाटलाची ती पाटलीण, कारभाऱ्याची ती कारभारीण. दोघींची पदवी नवऱ्याकडून आलेली. आणि शेतकऱ्याची ती शेतकरीण! मग जी स्वतः शेती करते तिला काय म्हणावे, असे मावशीने एकदा विचारले. मी म्हणालो, "शेतकरीच." त्यावर ती म्हणाली, "मग तलाठ्याला सांग की!"

काका गेल्यापासून सहा एकरांचा कारभार तिच्याकडे आहे. पाण्याची पाळी रात्री दोनला आली तर बांधावर बॅटरी घेऊन तीच उभी. तोडणीच्या टोळीच्या मुकादमाशी भांडण तिचे, सोसायटीच्या कर्जाची काळजीही तिची. पण काकांच्या दिवसकार्यानंतर घरातल्यांनी हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली आणि सातबाऱ्यावर मुलांची नावे लागली. दुष्टपणा कोणाचाच नव्हता. रीतच तशी!

१९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सहकाराने या भागाचे रूप पालटले, हे कोण नाकारील? पण सभासदत्व जाते जमिनीमागून, आणि जमीन पुरुषाच्या नावामागून. उसाला खुरपणी बायकांची, सभेत मत पुरुषाचे.

शरद जोशींनी हे दुखणे ओळखले होते. १९८६ साली चांदवडला शेतकरी स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरले आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक निघाली: नवऱ्याने आपण होऊन काही जमीन बायकोच्या नावे करावी. कायद्याने मुलींना वडिलार्जित मिळकतीत वाटा महाराष्ट्रात १९९४ साली दिला, साऱ्या देशात २००५ साली. तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शंभर वहितींपैकी बायकांच्या नावे जेमतेम चौदा.

याच जिल्ह्यात, प्रवरेच्या वरच्या अंगाला अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी गावरान वालाघेवड्यांची, भाताची वाणे राखली, बायकांचे गट जमवले, बियाण्यांची बँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मला गंमत वाटते ती ही, की राख चोळून मडक्यात बी ठेवणे हे घरोघरी सासवासुनांचेच काम होते. त्याला कोणी धंदा म्हटले नाही, म्हणूनच बहुधा ते त्यांच्या हातात राहिले!

मावशीकडे आता गाईंचे सगळे वहिनी पाहते. दुधाचा पगार तिच्या खात्यावर येतो, आणि तेवढ्याने तिचा आवाज किंचित चढला आहे. नात राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकते. तिने यंदा आईचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचा अर्ज लिहून आणला. दादाने चष्मा लावून तो दोनदा वाचला, "पाहू" म्हणाला. मावशीने काही न बोलता तो लक्ष्मीपूजनाच्या पाटावर, हिशेबाच्या वहीखाली ठेवला. पाडव्याला मी निघालो तेव्हा वही उचलली गेली होती. अर्ज पाटावरच होता.