होटगीच्या पोरांनी होटगी सांगावी

१५ जून २०२३ ला कुमठ्याच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. सुमारे नव्वद मीटर उंचीची ही चिमणी होटगी रोडवरच्या विमानतळाच्या आड येते, म्हणून तिच्यावरून सोलापुरात वर्षानुवर्षं वाद पेटलेला होता. ती खाली यायला काही सेकंद पुरले. त्या सेकंदांचे व्हिडिओ त्याच दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले आणि आजही हवे तेवढे सापडतात. पुढे ९ जून २०२५ ला इथून गोव्याचं विमान सुरू झालं, त्याचेही व्हिडिओ निघाले. पण त्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेला कामगार त्या दुपारी काय म्हणाला? ट्रॅक्टर लावून रात्ररात्र रांगेत थांबलेल्या ऊसवाल्याला काय वाटलं? सातवी-आठवीतलं एखादं पोरगं वही आणि मोबाइल घेऊन त्यांच्यापुढे बसलं असतं, तर आज आपल्याकडे धुरळ्यापलीकडचंही काही राहिलं असतं.

शाळा आणि तंत्रज्ञान हा विषय निघाला की माझ्या मनात हीच गोष्ट येते. आपल्या पोरांना पडद्यावर बघायला भरपूर दिलं. पडद्यावर मांडायला काय दिलं?

सोलापूर जिल्ह्याने हा प्रश्न हक्काने विचारावा, कारण या वाटेवरची पहिली मोठी पावलं इथल्याच शिक्षकांनी टाकली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत गोठा आणि अडगळीची खोली यांच्यामध्ये दबलेली होती. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवले. कोडवर मोबाइल धरला की कविता ऐकू यायची, धडा दिसायचा. एका वाडीतला हा प्रयोग पुढे राज्याच्या पुस्तकांत गेला, मग एनसीईआरटीनेही तो उचलला. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. त्याच वर्षी, कोरोनामुळे शाळांना कुलपं असताना, सोलापूरच्या नीलमनगरात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी सुमारे तीनशे घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. वस्ती कापड कारखान्यांतल्या कामगारांची, घरोघरी स्मार्टफोन कुठून असणार? पोरं अंतर ठेवून भिंतीपुढे उभी राहायची आणि शिकायची. या दोन्ही प्रयोगांबद्दल मला मनापासून अभिमान आहे.

मात्र दोन्हीकडे पोरगं घेणाऱ्याच्याच जागी आहे. धडा मोठ्यांनी केला, पोराने पाहिला. अडचणीच्या काळात तेवढं होणंसुद्धा थोर होतं. पण आज घरात फोन नाही अशी तक्रार पूर्वीइतकी राहिलेली नाही. शाळकरी मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातली १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरता येतो असं सांगतात. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. या आकड्यांवरून पोरांना झोडपणं सोपं आहे, आणि आपण ते रोज करतोच. मला त्यांत दिसतं ते असं, की अंगठा सरकवण्यापलीकडे या यंत्राचं काय करता येतं हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही.

दाखवायला कुणीच गेलं नाही, असं मात्र नाही. कर्जत तालुक्यातल्या खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये बाविसेक पोरांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. अमेरिकेतल्या एमआयटीतून निघालेल्या, प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देऊ पाहणाऱ्या योजनेतले. त्यांत फोटो काढायची, आवाज टिपायची, चित्र रंगवायची सोय होती, आणि यंत्र पोरानेच सांभाळायचं, घरी न्यायचं, असा त्यामागचा विचार होता. ती योजना आपल्याकडे पसरली नाही. केंद्राच्या मनुष्यबळ मंत्रालयाने २००६ मध्येच तिला नकार दिला होता. यंत्र महाग, वीज बेभरवशाची, या अडचणी खऱ्याच होत्या. पण एका धनगरवाड्यावरच्या शाळेत पोरगं स्वतः काही टिपू शकतं हे गृहीत धरलं गेलं, ते मला आजच्या कितीतरी ‘डिजिटल शाळां’पेक्षा मोलाचं वाटतं. शिरूर तालुक्यातलं पाबळ तर त्याच्याही आधीचं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला, शाळेतल्या पोरांना वेल्डिंग, वीज, शेती, बांधकाम हाताने करायला लावलं, आणि एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे यंत्रांवर वस्तू घडवून बघायची कार्यशाळा, २००२ मध्ये याच खेड्यात आली.

तंत्रज्ञान सर्वांत उपयोगी कुठे पडतं, तर एकाकी शाळेत. घारापुरीच्या बेटावर समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून २०१८ मध्ये वीज पोचली. मुंबई समोर दिसते आणि शाळेत वीज नाही, असे दिवस तिथल्या पोरांनी काढले. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात विखुरलेली बेटं आहेत, तिथे एकेका विषयाला शिक्षक मिळेना म्हणून २०१६ मध्ये ‘ई-स्कॉल’ नावाची दूरशाळा सुरू झाली. एका बेटावरचा शिक्षक दुसऱ्या बेटावरच्या वर्गाला शिकवतो. मला त्याहून भावतो तो तिथला ‘फिल्मजी’ हा उपक्रम. २००८ पासून तिथे गेलिक भाषेतल्या लघुपटांची स्पर्धा होते आणि शाळकरी पोरंही तिच्यात आपले लघुपट पाठवतात. गेलिक बोलणारे उरलेत थोडे. पोरांनी कॅमेरा उचलला की आजोबांची भाषा त्यांच्या तोंडी कामाला लागते, निदान पटकथा लिहिण्यापुरती तरी.

आता सोलापूरजवळच्या होटगीकडे या. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, पण कर्नाटकाची सरहद्द हाकेच्या अंतरावर. जंक्शनवरून एक रूळ वाडीकडे जातो, दुसरा विजयपूरवरून गदगला. घरात ‘अव्वा’ म्हणणारं पोरगं शाळेत ‘बाई’ म्हणतं आणि बाजारात तिसरीच मिसळ बोलतं. राज्याची पाठ्यपुस्तकं मराठीत निघतात तशी कन्नड, उर्दू, तेलुगूतही निघतात, आणि आपल्या जिल्ह्यात या चारही माध्यमांच्या शाळा आहेत. तरी शेजारशेजारच्या दोन माध्यमांच्या वर्गांनी मिळून काही केलं, असं फारसं ऐकायला येत नाही. हीच खरी बेटं.

सांगण्यासारखं इथे किती आहे! गदगची लाइन मीटरगेज होती. रुंद आणि अरुंद रूळ जिथे भेटतात तिथे माणसंही उतरतात, मालही उतरतो, हमाल-चहावाल्यांचं पोट भरतं. ते दिवस पाहिलेली माणसं गावात आहेत आणि आता ऐंशीच्या घरात आहेत. तलाव आहे, हिवाळ्यात त्यावर पाहुणे पक्षी उतरतात. मठ आहे, सिमेंटचे कारखाने आहेत, ज्वारीची काळी रानं आहेत. यातलं पाठ्यपुस्तकात काही येणार नाही आणि कुणी यूट्यूबरही इकडे फिरकणार नाही. हे पोरांनीच करायचं.

करायचं म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून सांगतो. सहावीतल्या मुलीला एकच प्रश्न द्यावा: आज्जी, लग्न होऊन इथे आलीस तेव्हा पाणी कुठून आणायचीस? मुलगी फोनवर आवाज टिपते. घरी येऊन ऐकते तर पंख्याची घरघर, मागे मालिकेचं संगीत, आणि आज्जी कुठेतरी लांब. दुसऱ्या दिवशी ती पंखा बंद करते, टीव्ही बंद करायला सांगते (हे सगळ्यांत अवघड), फोन आज्जीच्या हनुवटीपाशी धरते. आज्जी कन्नडमध्ये रंगते. आता वर्गात ऐकवायचं तर मराठीत लिहून काढायला हवं. विहिरीच्या थारोळ्याला, पोहऱ्याला, डोक्यावरच्या चुंबळीला मराठीत काय म्हणायचं, म्हणून मुलगी आईला विचारते, बाईंना विचारते. वीस मिनिटांच्या बोलण्यातून तीन मिनिटं ठेवायची, तर कोणती? इथे ती निवड करायला शिकते. आज्जी म्हणाली ‘दुष्काळाच्या साली’, म्हणजे कोणत्या साली? १९७२ की त्याआधी? इथे ती पडताळायला शिकते. एवढ्यात भाषा झाली, इतिहास झाला, भूगोल झाला, आणि खर्च म्हणाल तर शून्य. नेटपॅकही लागला नाही.

थोडी मोठी पोरं गावाचा नकाशा करू शकतात. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासूनचा सर्वांना खुला नकाशा आहे, त्यात कुणालाही आपली गल्ली, विहीर, पाणंद भरता येते. २००३ पासूनचा मराठी विकिपीडिया आहे, त्यात आपल्या गावाच्या पानावर खात्रीचं काय लिहायचं आणि ऐकीव काय वगळायचं, हा वाद नववीच्या वर्गात एकदा तरी व्हायला हवा.

पालक म्हणतील, आधीच पोरं फोनमधून डोकं काढत नाहीत, त्यात शाळेने आणखी द्यायचा? काळजी रास्त आहे. पण बंदी घालून घरात ती पाळली जात नाही, हेही आपण रोज बघतो. कामासाठी घेतलेला आणि काम झालं की ठेवलेला फोन पोराने पाहिलाच नसेल, तर ती सवय लागणार कशी? दुसरी काळजी मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच ‘असर’ अहवालात फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के आहेत आणि मुली २७ टक्के. घरातला फोन आधी भावाकडे जातो. म्हणून हे काम शाळेच्या फोनवर, पाळीपाळीने व्हावं, म्हणजे मुलीची पाळी चुकणार नाही. आणि पोरांचे चेहरे, आज्ज्यांची गुपितं इंटरनेटवर टाकायची काहीच गरज नाही. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या पडद्यावर गावाला दाखवा. ज्याचं बोलणं टिपलं त्याला आधी विचारा.

शाळेत यंत्रच नाही, हे उत्तरही आता सगळीकडे खरं नाही. केंद्राच्या आकडेवारीप्रमाणे २०२४-२५ मध्ये देशातल्या सुमारे ६५ टक्के शाळांत संगणक होता. लोकवर्गणीतून आलेला प्रोजेक्टर वीजबिल थकलं म्हणून कपाटात बंद, हे दृश्य मात्र आपल्या भागात नवं नाही. उद्घाटनाला फीत कापणाऱ्यांनी वर्षाच्या विजेचीही सोय करून जावी.

वेळ कुठून आणायचा, हा शिक्षकांचा प्रश्न खरा आहे. ऑनलाइन माहिती भरता भरता त्यांचा जीव जातो. पण राज्याने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ ठेवला आहे. त्यातला एक तास पुरेल. होटगी आणि आसपासच्या शाळांमधल्या गुरुजींना, बाईंना माझी विनंती आहे: येत्या शनिवारी एक फोन फ्लाइट मोडवर टाका, चार पोरांच्या गटाला एक प्रश्न द्या आणि स्टेशनाकडे, तलावाकडे, घराकडे पाठवा. जमलं तर मराठी आणि कन्नड माध्यमाची दोन-दोन पोरं एका गटात घाला. आणि रेल्वेतून, कारखान्यातून निवृत्त होऊन पारावर बसणाऱ्या आजोबांनो, एखादं पोरगं फोन पुढे करून काही विचारायला आलं, तर त्याला ‘नंतर ये’ म्हणू नका. थोडं सरकून त्याला बसायला जागा द्या आणि जे आठवतं ते सगळं सांगा.