फुकटच्या कुलपाची किंमत

गुळाच्या पेढीपासून पतसंस्थेपर्यंत कोल्हापुरात आज ज्याला त्याला संकेतस्थळ हवे असते, आणि त्याला जोडावयाची ‘प्लगइन’ बहुधा फुकट मिळतात. जगभर सुमारे साठ लाख संकेतस्थळांवर असलेल्या ‘लाइटस्पीड कॅश’ या प्लगइनमधील दोष २०२४ साली उघडकीस आला. त्याची दोषनोंदवही चालू ठेवली असल्यास ती परक्यालाही वाचता येई व तिच्यातून प्रवेशखुणा हाती लागत. दुरुस्ती निघाली, ती बसविणे मात्र मालकाच्या मर्जीवर राहिले. देखभालीतील बचत मालकाची, माहिती फुटल्याचा तोटा ग्राहकाचा, असा हा व्यवहार आहे. २०२३ च्या कायद्यातील २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड हा नंतरचा उपाय झाला. सहकारी संस्थांची हिशेबतपासणी दरसाल व्हावीच लागते. तिच्यातच संकेतस्थळाची तपासणीही सक्तीची करावी.