बीप वाजला, एस दाबा!

आमच्या नवापूर स्टेशनची गंमत माहितीये? अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. घोषणा चार भाषांत. मला दिसत नाही, त्यामुळे माझ्यासाठी स्टेशन म्हणजे त्या घोषणाच.

कॉम्प्युटरचंही तेच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या लॅपटॉपवर ११ बसेना. मित्र म्हणाला, ‘लिनक्स टाक, फुकट आहे!’ अरे, स्क्रीन वाचून दाखवणारा माझा एनव्हीडीएही फुकटच आहे, २००६ पासून. पण तो चालतो फक्त विंडोजवर. लिनक्सवर ऑर्का. आवाज वेगळा, सवयी वेगळ्या. एनव्हीडीएत इन्सर्ट-टी दाबलं की खिडकीचं नाव कळतं. ऑर्कात तेच दाबलं तर वेळ! मी विचारतेय कुठे आहे, तो सांगतोय किती वाजले. पंधरा दिवस बोटं चुकत होती.

पण खरी धाकधूक इन्स्टॉल करतानाची. मागच्या वेळी मावसभावाने स्क्रीन वाचली होती. पासवर्डही त्यानेच टाकला, मग घरभर झाला! या वेळी डेबियन घेतलं. पेनड्राइव्हवरून सुरू झालं की बीप वाजतो. एस दाबायचं, एंटर मारायचं, की इन्स्टॉलर स्वतःच बोलू लागतो. त्याआधीचा बूट मेन्यू मात्र मुका, तेवढ्यापुरतं आईला बसवलं.

पासवर्डची पाळी आली. आई म्हणाली, ‘सांग गं, मी टाइप करते.’

म्हटलं, ‘आई, तू चहा टाक.’