बैलाला तगाई, विहिरीला नाही

ब्रिटिश अमदानीत १८८३ च्या कायद्यान्वये विहीर, बांधबंदिस्ती अशा जमिनीच्या कायम सुधारणेसाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, मिळे, आणि लगेच १८८४ च्या दुसऱ्या कायद्यान्वये बी-बियाणे व गुरेढोरे घेण्यासाठी मिळे. बैल दिला आणि विहीर राहिली तर मोट चालत नाही, हे त्या परक्या सरकारलाही उमगले होते. ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेतील विद्युत ट्रकांचे अनुदान पालघर जिल्ह्याच्या नागझरी परिसरातील आमच्या खाणपट्टाधारकांच्या व डंपरमालकांच्या दृष्टीने तपासताना नेमका हाच विवेक उणा पडल्याचे जाणवते.

योजना क्षुल्लक नव्हे. ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आलेल्या या योजनेच्या १०,९०० कोटींपैकी ५०० कोटी रुपये विद्युत ट्रकांसाठी राखलेले असून, जुलै २०२५ मधील नियमांप्रमाणे एका ट्रकामागे कमाल ९ लाख ६० हजार रुपयांची सवलत खरेदीच्या किमतीतूनच वजा होते. परंतु ही सवलत रस्त्यावर चालण्यासाठी नोंदलेल्या वाहनास आहे. पोकलेन, लोडर आणि पट्ट्याच्या हद्दीतच आयुष्य काढणारा अवजड डंपर तिच्या कक्षेबाहेर राहतात. शिवाय जुना ट्रक मोडीत काढल्याचा दाखला हवा. ज्या आदिवासी तरुणाचा एकुलता डंपर अद्याप बँकेकडे तारण आहे, त्याने तो मोडीत कसा काढावा? दुसऱ्याचा दाखला मिळवावा, तर त्याचा खटाटोप व खर्च निराळाच.

आणि तरीही विद्युत वाहन जर कोठे खरोखर शोभणार असेल, तर ते आमच्या डोंगरकुशीतील खाणींतच. स्वित्झर्लंडमध्ये बील शहरानजीकच्या खाणीत ६५ टन माल वाहणारा एक विद्युत डंपर भरलेला उतरतो आणि रिकामा चढतो. उतारावर ब्रेक लावताना जी शक्ती एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाते, ती बॅटरीत परतून पुढच्या चढणीला उपयोगी पडते. डोंगर वरून फोडून दगड खाली क्रशरवर आणणाऱ्या खाणीला हा लाभ आहे. खड्ड्यातून भरलेली खेप वर ओढणाऱ्या खाणीला तो नाही. अर्थात दगडाची धूळ याने हटणार नाही, तिला पाण्याचे फवारेच हवेत. धूर मात्र थांबेल.

खरी अडचण विहिरीची आहे. ज्या तारापूरला १९६९ पासून अणुवीज निर्माण होते, त्याच्या आसपासच्या खाणीतही डंपर चार्ज करण्याजोगी उच्चदाब जोडणी व रोहित्र स्वखर्चानेच उभारावे लागते. योजनेतील चार्जिंगची २,००० कोटींची तरतूद सार्वजनिक केंद्रांसाठी आहे. खाणीच्या फाटकाआतील चार्जर सार्वजनिक कसा ठरावा? आणि पट्ट्याची मुदत सरत आली असता एवढा खर्च त्या जागेत कोण पुरील?

वाढवण बंदराच्या १,४४८ हेक्टर भरावाने व १० किलोमीटरहून लांब लाटरोधक बांधाने या जिल्ह्यातील दगडाची मागणी आणि बोईसर–चिल्हार रस्त्यावरील वर्दळ वाढणार, हे उघड आहे. त्यापूर्वीच, खाणीतील वीजजोडणीस अनुदान मिळावे, तारण डंपरास मोडीच्या दाखल्यातून मुदतीची सूट मिळावी आणि पट्ट्याच्या नूतनीकरणात या खर्चाचा विचार व्हावा, अशी दरखास्त आपण सरकारदरबारी रुजू केली पाहिजे. तीस आधार लागेल तो हिशेबाचा. यास्तव प्रत्येक खाणधारकाने या महिन्यापासून दर खेपेचे वजन, अंतर, चढउतार आणि जळालेले डिझेल यांची नोंद ठेवावी व ती आमच्याकडे पाठवावी.