अनिरुद्धची कीव करताना

‘आई कुठे काय करते’ ही मालिका तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. स्टार प्रवाहवर २३ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली, ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली. जवळजवळ पाच वर्षं. तेवढ्यात घरातलं पोरगं अंगणवाडीतून शाळेत गेलं. त्या पाच वर्षांत अनिरुद्ध देशमुख हा माणूस आपल्या घरातलाच होऊन बसला होता.

बायको अरुंधती घरासाठी राबायची आणि हा तिला कमी लेखायचा. ऑफिसातल्या संजनाशी यानं संबंध ठेवले. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर ते उघडं पडलं. घटस्फोट झाला. अरुंधतीनं गाणं पुन्हा हाती घेतलं, ती पायावर उभी राहिली, पुढं आशुतोषशी तिचं लग्न झालं. याला तेही सोसवेना. आपणच टाकलेलं माणूस सुखी झालेलं याला बघवत नव्हतं.

आणि तरी तो कोपऱ्यात एकटा बसलेला दिसला, की घरातली एखादी आजी हळूच म्हणायची, “बिचारा!”

त्या आजीला हसू नका. तिला काही तरी खरं दिसलेलं असतं. अनिरुद्ध आतून घाबरलेला माणूस आहे. सगळं घर आपल्यावाचून अडतं, या समजुतीवर तो जगला. बायको त्याच्याशिवाय उभी राहिली आणि त्याच्या पायाखालची जमीन गेली. अशा माणसाची कीव यावी. मलाही येते.

पण कीव आली की आपण पुढं काय म्हणतो, तिकडं लक्ष द्या. “जाऊ दे, तिनंच पदरात घ्यावं. शेवटी नवरा आहे.” इथं आपलं चुकतं. कीव आपल्याला आली आणि किंमत मात्र अरुंधतीनं मोजायची. पडद्यावर ते खपून जातं. घरात तेच वाक्य एखाद्या सुनेच्या कानावर पडतं. ती भाजी निवडत ऐकत असते. या घरात आपली बाजू कोण घेईल, हे तिला त्या एका वाक्यात कळतं. मग उद्या तिच्यावर वेळ आली, तर ती तुम्हाला काही सांगायला येणार नाही.

चुकलेल्या माणसावर दया कशी करायची, हे आपल्या आटपाडीला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. स्वतंत्रपूर आपल्याच शेजारी आहे. आटपाडी औंध संस्थानात होती तेव्हा, १९३९ मध्ये, राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी इथं कैद्यांची वसाहत वसवली. तिला तुरुंगासारख्या भिंती नव्हत्या. त्यावरूनच आपल्या माणदेशाच्या गदिमांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला.

त्या वसाहतीत कैद्याला विश्वास मिळाला. पण त्याचा गुन्हा कुणी पुसला नाही. त्याला माळरानावर घाम गाळावा लागला. आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्या घरी जाऊन “तूच समजून घे” असं त्याला कुणी सांगितलं नाही. अनिरुद्धला दया द्यायची तर ही अशी द्या. त्याला बदलायला जागा असावी. पण बदलायचं काम त्याचं. अरुंधतीनं त्याच्यासाठी पुन्हा चुलीपुढं बसायचं, हा त्या दयेचा भाग नव्हे.

राग आलाच तर तो अनिरुद्धचं काम करणाऱ्या मिलिंद गवळी यांच्यावर काढू नका. त्यांनी काम चांगलं केलं म्हणून तर राग येतो. निळू फुल्यांना पडद्यावर पाहून बायाबापड्या बोटं मोडायच्या, आणि तो माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, समाजासाठी झटणारा. मोबाईलवर शिवी लिहिण्याआधी एवढं आठवा.

आता घरातलं सांगतो. कुठलीही मालिका बघताना “बिचारा” तोंडात आलं, की लगेच दुसरं वाक्यही म्हणा, “आणि तिचं काय?” पोरांच्या देखत म्हणा. पोरगा तिथंच बसलेला असतो. बापानं अपमान केला तरी आई गप्प राहते आणि लोक बापाची कीव करतात, एवढंच त्यानं रोज पाहिलं तर तो तेच शिकेल.

लेक माहेरी आली आणि “ते मला टोचून बोलतात, पैसे देत नाहीत” म्हणाली, तर “मारत तर नाही ना?” असं विचारू नका. शिवीगाळ, सतत पाणउतारा, खर्चाला पैसे अडवणं, हेही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात येतं. १८१ या क्रमांकावर तिला बोलता येतं. आधी मात्र तिला जेवू घाला आणि तिचं सगळं ऐकून घ्या. मध्ये बोलू नका.

आणि आपल्या भागाचं म्हणून एक. इथली कितीतरी माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी दूरदूरच्या राज्यांत राहतात. मागं घर बाई चालवते. डाळिंबाची फवारणी, बँक, पोरांची फी, सासऱ्याचं औषध, सगळं तिच्याच हातात. तो जत्रेला किंवा दिवाळीला येतो आणि त्याला दिसतं, की आपल्यावाचून काही अडलेलं नाही. अनिरुद्धला वाटली तीच भीती तेव्हा चांगल्या माणसालाही वाटते. मग तो भाजीत मीठ कमी आहे म्हणून ताट सरकवतो.

माउली, त्याला बरं वाटावं म्हणून तुम्ही अडाणी होऊ नका. फवारणीचा हिशेब येत नाही असं दाखवू नका. त्यापेक्षा तो लांब असतानाच फोनवर त्याला घरात घ्या. “बागेला औषध मारलंय, पुढची पाळी कधी धरू?” असं विचारा. पोराला त्याच्याशी रोज दोन मिनिटं बोलू द्या.

आणि गलाईवरच्या भावांनो, घरी आलात की पहिल्या दिवशी चुका काढू नका. तिनं वर्षभर काय काय निभावलं ते विचारा. वही मागा, पण तिच्या शेजारी बसून बघा. आपण कुणाला नकोसे झालोय असं वाटलं, तर ताट सरकवू नका. तिला तसं सरळ सांगा. अनिरुद्धनं हे वेळेवर केलं नव्हतं.