चोपन्न सेकंदांत भौतिकशास्त्र

सीईटी अवघड असते का, असं अकरावी-बारावीच्या मुलांचे आईवडील नेहमी विचारतात. अभ्यासक्रम तर ओळखीचाच आहे: साधारण ८० टक्के बारावीचा, २० टक्के अकरावीचा. पुस्तकंही राज्य मंडळाचीच. तरीही चांगली तयारी केलेली मुलं पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर येतात. कारण वेळ.

पीसीएम गटाचा हिशेब करून पाहा. भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, आणि मिनिटं ९०. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. त्यातच प्रश्न वाचायचा, सूत्र आठवायचं, आकडेमोड करायची आणि पर्याय निवडायचा. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे. त्यांनाही ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत.

बारावीच्या इंटिग्रेशनमधलं एक नेहमीचं उदाहरण घ्या. शून्य ते पाय बाय टू, वर रूट साइन, खाली रूट साइन अधिक रूट कॉस. बोर्डाच्या पेपरात मुलगी गुणधर्म लिहिते, दोन समीकरणांची बेरीज करते, पायरी-पायरीनं उत्तर काढते आणि प्रत्येक पायरीचे गुण मिळवते. सीईटीत तिनं हा साचा पाहताक्षणी ओळखून पाय बाय फोरवर क्लिक करायचं. साचा ओळखणं हेही कौशल्यच आहे, ते मी नाकारत नाही. पण उत्तर तसंच का येतं, हे शोधणाऱ्या मुलीला इथे एकही जादा गुण नाही. आणि इंजिनिअरिंगच्या गुणवत्ता यादीत सीईटीच मोजली जाते. बारावीला किमान टक्के पडले की काम झालं. मग सिद्धता कोण करणार, प्रॅक्टिकलला मन लावून कोण उभं राहणार? कॉलेजचे वर्ग ओस आणि क्लास भरलेले, याचं मूळ इथे आहे.

उणे गुण नसल्यामुळे शेवटच्या मिनिटात सगळेच उरलेले पर्याय ठोकून देतात. डोळे मिटून ४० प्रश्न सोडवले तर सरासरीनं १० बरोबर येतात. नशिबाचा एवढा वाटा असलेल्या गुणांवरून काढलेला पर्सेंटाइल आपण दशांशानंतर सात अंकांपर्यंत छापतो आणि त्यावर मुलांच्या शाखा ठरवतो. हे मला पटत नाही. २०२५ मध्ये तर एका सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले आणि हजारो मुलांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. एका प्रश्नाला दोन मिनिटंही न देणाऱ्या परीक्षेत चुकीचा पर्याय समोर आला की मूल त्यावर किती वेळ घालवतं आणि पुढचे किती प्रश्न गमावतं, याचा विचार करा.

सीईटी कक्षाला माझी विनंती साधी आहे. भौतिकशास्त्राचे प्रश्न ३५ करा, किंवा वेळ दोन तास करा. काठिण्य हवं तर वाढवा, पण विचार करायला अवकाश द्या.

तोपर्यंत मुलांनो, रसायनशास्त्र आधी घ्या. त्यातले पाठांतराचे प्रश्न पटापट संपतात आणि वाचलेली मिनिटं भौतिकशास्त्राला मिळतात. अडलेला प्रश्न खूण करून पुढे जा. आणि एकही प्रश्न कोरा ठेवू नका.