शोभेचं गवत

आमच्याकडं आता गवत विकत आणून लावतात. जालन्याच्या बाहेर कुठल्याही रस्त्यानं निघा, लग्नाची ‘लॉन्स’ दिसतील. मे महिन्यात वस्तीवर टँकरला रांग अन् इथं हिरवळीवर नळी सोडलेली. कडेनं जांभळ्या तुऱ्यांचं फाउंटन ग्रास. ते मूळचं आफ्रिकेकडचं.

माझ्या पुतण्यानं असंच एक लॉन्स टाकलं. त्यापायी धुऱ्यावरचा पवन्या अन् मारवेल जेसीबीनं खरडून काढला.

“काका, ते नुसतं गवत होतं.”

“अन् हे काय आहे?”

“हे ऑर्नामेंटल.”

चीड येते ती या शब्दाची. शोभाच पाहायची तर पावसाळा सरताना मारवेलाचे बोटांसारखे पसरलेले जांभळट तुरे पाहा. दिवाळीनंतर पवन्या तांबूस पडतो अन् वारा सुटला की अख्खा माळ कूस बदलतो. (कुसळीचं मात्र मी कौतुक करणार नाही, धोतराला चिकटून तिनं जीव खाल्लाय.) त्याला कुणी पाणी घातलं नाही. उन्हाळ्यात वरून वाळतो, पण ठोंब जित्ता राहतो, मिरगाच्या पावसावर पुन्हा फुटतो. मुळ्या बांधाची माती धरून ठेवतात. चंडोल, तितर त्याच्याच आडोशाला अंडी घालतात. माय विळ्यानं कापायची ती ठोंब राखून, अन् त्या गंजीवर बैलं उन्हाळा काढायची. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, लोक वैरणीसाठी वणवण फिरले. तोवर धुरे मात्र आपण साफ करून बसलो होतो.

१९७३ साली देशातल्या गवतांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात दख्खनच्या माळाला नावच ‘सेहिमा-डायकॅन्थियम’ दिलंय, म्हणजे पवन्या अन् मारवेल. आपल्या सरकारी कागदात तोच माळ ‘पडीक’!

हेच मारवेल अमेरिकेत टेक्सासला नेलं, तर तिथं ते तण होऊन बसलं. फाउंटन ग्रासनं हवाई बेटांवर वणवे वाढवले. ज्याची त्याची भुई असते, बाबा.

राहुरीच्या विद्यापीठानं ‘फुले मारवेल’ हे वाण काढलेलं आहे. रोपवाटिकावाल्यांनी त्याची ठोंबं पिशवीत भरून विकावीत. वाटल्यास ‘ऑर्नामेंटल’ अशी चिठ्ठी लावा अन् दुप्पट पैसे घ्या, पण लॉन्सच्या कडेला तेच लावा.